बोथट करून मागितलेली सुरी

हरणासाठी सुरी घ्यायला येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा चुकीची सुरी हातात धरूनच काउंटरपाशी येतं. हातभर लांब पातं, पाठीवर करवतीसारखे दात, मुठीच्या बुडाशी होकायंत्र. आणि विचारतं, "ही कशी आहे?"

"फोटो काढायला एकदम फर्स्ट क्लास," मी म्हणतो.

काउंटरखालून अशफाकची लाथ बसते. अशफाक म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ आणि दुकानातला भागीदार. गिऱ्हाईक गेलं की तो सुरू होतो, "दुल्हाभाई, माणूस स्वतःच्या पायाने पैसे द्यायला आला होता. तुम्ही दुकान चालवता की मदरसा?" त्याचं खरं आहे. पण चुकीची सुरी विकली की मला जेवण जात नाही, त्याला मी काय करू?

आमचं दुकान शारजा औद्योगिक क्षेत्रात. एका बाजूला गिअरबॉक्सवाला पठाण, दुसऱ्या बाजूला एसीचे पत्रे ठोकणारे मल्याळी, आणि मध्ये आम्ही दोघे कोकणी. सुऱ्या विकायच्या आणि सुऱ्यांना धार लावायची, हाच धंदा. खाटीक येतात, हॉटेलवाले येतात, फुजैराच्या बंदरातले दोर कापणारे खलाशी येतात. आणि थंडी जवळ आली की शिकारी येतात. इथे या देशात शिकारीला बंदी आहे, आणि ती कडक आहे. पण इथल्या अरबांना शिकारीचा जुना नाद. ते त्यासाठी परदेशी जातात, तिथला परवाना काढून, तिथल्या वाटाड्याबरोबर. जायच्या आधी सुरी घ्यायला किंवा पाजळायला आमच्याकडे.

एकदा महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात एका बाईंनी विचारलं, "आपण काय करता?" म्हटलं, "हरणं सोलायच्या सुऱ्या विकतो." बाई बटाटेवड्याच्या प्लेटसकट दोन पावलं मागे सरकल्या. पुढच्या आठवड्यात त्याच बाई रुवैसहून नवऱ्याच्या गाडीत बसून दुकानात हजर. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली विळी. "भाऊ, हिला तेवढी धार लावून द्याल का? खोबरं कापलं जात नाहीये." मी चाटच पडलो. तीन तासांचा रस्ता विळीसाठी! पण लावून दिली. विळीला नाही म्हणायची आमच्या घराण्यात रीत नाही.

आता ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हरीण पडलं की घाई असते. पोटातला कोठा आणि आतडी तिथल्या तिथे, रानातच काढावी लागतात, नाहीतर आतल्या उष्णतेने मांस नासतं. आणि ते काढताना कोठ्याला टोक लागलं की संपलं. सगळा मळ मांसावर. एवढ्या लांब जाऊन, एवढा खर्च करून शेवटी वासाने नाक दाबायची वेळ येते. म्हणून या कामाला तलवार नको, सुरी हवी, आणि तीही लहान. पातं आपल्या चार बोटांच्या रुंदीपेक्षा थोडंसंच मोठं, कारण अर्धं काम पोटाच्या आत, डोळ्यांना न दिसता, बोटांच्या भरवशावर करायचं असतं. टोक जरा खाली उतरलेलं, म्हणजे ते वरच्या बाजूने कुठे भोसकत नाही. पातं मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध गेलेलं हवं. घडीचा चाकू नको, त्याच्या खाचेत रक्त आणि केस अडकतात. मूठ खरखरीत हवी, कारण रक्तापेक्षा चरबी निसरडी असते हे पहिल्यांदा कळतं तेव्हा माणसाचं बोट गेलेलं असतं. रंग म्हणाल तर भगवा किंवा पिवळा. हसू नका. गवतात ठेवलेली काळ्या मुठीची सुरी शोधत तास तास घालवलेले शिकारी मी पाहिलेत. पोलाद फार कडक घेऊ नये, त्याला रानात धार लावता येत नाही. आणि धार अशी हवी की उभा धरलेला कागद सुरीच्या नुसत्या वजनाने चिरला गेला पाहिजे. बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा जास्त हात कापते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकते. हे मी आल्यागेल्याला इतक्या वेळा सांगितलंय की अशफाक ते झोपेत बरळतो असं त्याची बायको म्हणते.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं नाही. मला ते एका माणसाने शिकवलं. त्यांना मी इथे बू राशिद म्हणतो. म्हणजे राशिदचे वडील. इथे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. नावं मी बदलली आहेत, आणि त्या घरात मराठी कुणालाही वाचता येत नाही, म्हणून तर हे लिहायचं धाडस.

बू राशिद फुजैराचे. म्हणजे पार पूर्वेच्या किनाऱ्यावरचे, आमच्यात आणि त्यांच्यात अख्खे डोंगर. उंच, सरळ, आवाज असा की शेजारचा पठाण गिअरबॉक्स ठोकायचा थांबे. तरुणपणी मुंबईला जाऊन-येऊन होते, त्यामुळे हिंदी झकास. मी नवा होतो तेव्हा त्यांना एक मोठी सुरी दाखवली. त्यांनी ती बाजूला सारली आणि मला म्हणाले, "तेरा जॅकेट पहन." मी मुकाट्याने जॅकेट घातलं. मग त्यांनी मला काउंटरवर उताणं झोपवलं. खरंच झोपवलं, भर दुकानात! दोन बोटं जॅकेटच्या चेनखाली घातली, त्यांच्या बेचक्यात सुरी, धार आकाशाकडे, आणि बेंबीपासून छातीपर्यंत चेन अशी हलकेच उघडत नेली. "आतलं अस्तर म्हणजे कोठा. त्याला सुरीचा स्पर्श होता कामा नये. बोटं पुढे, सुरी मागे. समझा?" मला काय समजणार, माझ्या तोंडचं पाणी पळालेलं. उठून पाहिलं तर अस्तरावर एक ओरखडा नाही. घरी येऊन ही हकीगत रंगवून सांगितली तर माझी लेक म्हणाली, "अब्बा, दॅट इज सो ग्रॉस," आणि आतल्या खोलीत निघून गेली.

तेव्हापासून दर थंडीला बू राशिद आपली सुरी घेऊन यायचे. एकच सुरी. इतक्या वेळा पाजळलेली की पातं झिजून निम्मं झालेलं. मी नवी दाखवली की म्हणायचे, "नवी बायको कर असं सांगतोस का?" त्यांच्या घरातला एक रिवाज त्यांनी मला सांगितला होता. हंगामातलं पहिलं हरीण राशिद मारतो, बिस्मिल्ला म्हणून हलालही तोच करतो, त्याची वेगळी लांब सुरी आहे. पण त्याचं पोट उघडायचा मान घरातल्या थोरल्याचा. सगळे मुलगे, नातू, वाटाडे भोवती उभे राहतात. तो उघडतो, काळीज काढतो, ते निखाऱ्यावर भाजतात आणि पहिला घास थोरला स्वतःच्या हाताने सगळ्यांना देतो. आणि प्रत्येकाने हे आपल्याच सुरीने करायचं. दुसऱ्याची सुरी घ्यायची नाही. ज्याची सुरी त्या दिवशी चालली नाही त्याने मागे व्हायचं, मग त्याच्यानंतरच्याचा मान.

मागच्या थंडीच्या तोंडावरची गोष्ट. सकाळची वेळ. दुकानासमोर टॅक्सी थांबली आणि तिच्यातून बू राशिद उतरले. मी बघतच राहिलो. ज्या माणसाच्या अंगणात गाड्या लावायला जागा पुरत नाही, तो फुजैराहून शारजाला टॅक्सीने? मला आधी वाटलं, कुणी गेलं की काय घरात.

"सगळं ठीक?" मी धावत बाहेर गेलो.

"अल्हम्दुलिल्ला. चहा मागव. आणि तुझ्या मेहुण्यालाच पाठव."

अशफाक गेला. कोपऱ्यावरून करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा घेऊन आला, ठेवला, तेवढ्यात खाटकाचा फोन आला म्हणून सुऱ्यांचा खोका घेऊन पुन्हा बाहेर पडला. आम्ही दोघेच उरलो. आणि तेव्हा मी ते पाहिलं. बू राशिदनी चहाचा कप डाव्या हाताने उचलला.

वाचणाऱ्यांना वाटेल, त्यात काय? पण आमच्यात खाणंपिणं उजव्या हाताने. लहान मूल चुकलं तरी आजी हातावर चापट मारते. आणि हा तर पाच वेळची नमाज न चुकवणारा माणूस.  उजवा हात कंदुऱ्याच्या, त्या पायघोळ पांढऱ्या झग्याच्या खिशात होता, उतरल्यापासून तिथेच होता, हे मला तेव्हा उमगलं.

मी बघतोय हे त्यांनी पाहिलं. कप ठेवला. उजवा हात बाहेर काढला आणि काउंटरवर ठेवला. हात थरथरत होता. थोडाथोडका नाही. अंगठा आणि बोट आपोआप एकमेकांवर घासत होते, तसबीहचे, जपमाळेचे मणी मोजल्यासारखे. त्या हाताने माझ्या जॅकेटची चेन उघडली होती. मी हळूच विचारलं,

"घरी कुणाला माहीत आहे?"

"माझ्या बायकोला होतं. ती गेल्यापासून फक्त मला." ती गेली त्याला दोन थंड्या झाल्या होत्या. एवढे दिवस हा माणूस हात खिशात घालून हिंडत होता!

मग त्यांनी डाव्या हाताने सुरी काढली आणि काउंटरवर ठेवली. "येत्या आठवड्यात स्पेनला निघतोय आम्ही. इसका धार खलास करो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पाजळून देऊ ना?"

"नाही. मार तिची धार. चमच्यासारखी कर. हरणावर ठेवली तर केससुद्धा कापला जाता कामा नये."

मी म्हटलं, "बू राशिद, मस्करी करता काय?"

ते मस्करी करत नव्हते. शांतपणे, धंद्याची गोष्ट बोलावी तसं त्यांनी सांगितलं. हा हात घेऊन पोट उघडायला बसलो तर सगळ्यांसमोर हात दिसेल. कोठा फुटेल, नातवंडांसमोर मांस नासेल. नाही बसलो तर विचारतील, का? हात दुखतो म्हटलं तर डॉक्टर. डॉक्टर झाला की गाडीची चावी जाईल, चावी गेली की एकट्याने मशिदीत जाणं जाईल, मग एक नर्स येईल आणि मला भाताचा घास भरवेल. "पण सुरीच चालली नाही, तर मी सुरीला शिव्या घालीन, मागे सरकेन, राशिद पुढे येईल. रिवाजाप्रमाणे. माझ्या हाताकडे कोण बघणार?"

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी शाळेत छडी खात पाठ केली आहे. पण अंगणाकडे जाऊन 'बाबा रे, जरा वाकडं हो' अशी विनंती करणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

आणि अंगण कोण? मी! कारण पुढचं वाक्य ऐका. "ते विचारतील, धार कुणी लावली. मी तुझं नाव घेईन. दुसऱ्या कुणाचं घेऊन चालणार नाही. तुझी सुरी कधी फसली नाही हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर ते विश्वास ठेवतील. हे खोटं आहे, इब्राहिम. तुझ्यावर तोहमत आहे, खोटा आळ. आणि तोहमतीचा गुन्हा अल्लाही माफ करत नाही, ज्याच्यावर घेतली त्याने माफ केल्याशिवाय. म्हणून मी आधी आलो. आधीच माफ कर."

या अल्ला! माझी बदनामी करायची परवानगी मागायला हा माणूस डोंगर ओलांडून टॅक्सीने आला होता.  आणि मग डोक्यात तिडीक गेली. माझ्यापाशी या धंद्यात दुसरं काय आहे? ना मोठं दुकान, ना बोर्डावर दिवे. फुजैरापासून अजमानपर्यंतचे खाटीक आणि शिकारी माझ्याकडे येतात ते एका नावावर. आणि त्यांच्यातले निम्मे बू राशिदच्या शब्दावर आलेले. त्यांनीच उठून सांगितलं की इब्राहिमची धार गेली, तर कोण येणार?

"नाही जमणार," मी म्हणालो. "दुसरं काहीही सांगा. ही सुरी हरवली म्हणा. विमानतळावर राहिली म्हणा."

"हरवली तर राशिद नवी घेऊन देईल. सगळ्यात महागडी. तुझ्याच दुकानातून." ते थोडं हसले. मग म्हणाले, "माझ्या चाचाची सुरी पण एकदा चालली नव्हती. मी तेव्हा राशिदहून लहान होतो. चाचा मागे सरकले आणि मला पुढे केलं. मी फार हसलो होतो त्यांच्या सुरीला." 

 बाहेर पठाणाची ठोकाठोक चालू होती. बू राशिद उठले. आग्रह केला नाही, रागावले नाहीत. सुरी उचलून म्यानात घालायला गेले. डाव्या हाताने सुरी, उजव्या हाताने म्यान. ते म्यान त्यांना एका जागी धरता येईना. सुरीचं टोक इकडे, म्यानाचं तोंड तिकडे. एकदा, दोनदा. माझ्याने बघवेना. मी सुरी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणालो, "बसा. केलं माफ."

आता खरं सांगतो, धार मारणं हे वाटतं तितकं सोपं नाही. दगडावर चार फटके मारले की सुरी बोथट होते, पण ती दिसतेही बोथट. राशिदचे डोळे तीक्ष्ण आहेत. म्हणून मी धारेचा काठ अगदी बारीक दगडावर सपाट करत नेला, वरून चामड्याच्या पट्ट्यावर चमकवला. दिसायला लखलखीत, आणि बोट फिरवलं तर काचेच्या ग्लासाची कड. हात कापायची भीतीही उरली नाही. इतकं चोख काम मी क्वचितच केलं असेल.  ज्या पात्याला मी इतकी वर्षं जपलं त्याचा गळा मी स्वतःच्या हाताने दाबत होतो, आणि वर ते सफाईने जमतंय याची लाज वाटत होती.

महिनाभराने, शुक्रवारी, नमाजनंतर दुकान भरलेलं असताना राशिद आला. मागे बू राशिद. राशिद पन्नाशीचा, सभ्य माणूस, कधी आवाज चढवत नाही. त्याने सुरी काउंटरवर ठेवली आणि हळूच म्हणाला, "चाचा, हे काय झालं? पहिल्याच हरणाला चालली नाही. बाबांना सगळ्यांसमोर मागे व्हावं लागलं."

दुकानातले खाटीक वळून बघायला लागले. मी खाली मान घातली. मनाची तयारी केली होती. बू राशिद मागे गप्प उभे राहतील, दोन शब्द पुटपुटतील आणि जातील, असा माझा हिशेब.

कसला हिशेब! बू राशिद पुढे आले आणि त्यांनी तोच जुना, गिअरबॉक्स थांबवणारा आवाज काढला. "इब्राहिम! बुढा हो गया तू! तेरा हाथ गया! हात चालत नाही तर दुकान बंद कर आणि घरी बस!"

कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. ठरलेलं हे नव्हतं. माफी मी एका खोट्याची दिली होती, भर दुकानात अशी अब्रू काढायची नाही. माझ्या तोंडात उत्तर आलं होतं, खरं उत्तर, अगदी दातांपर्यंत. मी त्यांच्याकडे पाहिलं. उजवा हात खिशात. खिशाचं कापड हलत होतं. आणि डोळे माझ्याकडे नव्हतेच. मला उशिराने कळलं, ते शब्द माझ्यासाठी नव्हते. तो माणूस स्वतःला सगळ्यांसमोर शिव्या घालत होता, आणि त्यासाठी त्याला मिळालेली ही एकच जागा होती.

पण अशफाकला हे कुठे माहीत? तो उसळला. "आमची धार चुकू शकत नाही! कोण म्हणतो?" त्याने बिलाचा कागद उभा धरला आणि सुरी त्यावर टेकवली. कागद नुसता वाकला. त्याने पुन्हा टेकवली. कागद चुरगळला. त्याने आधी सुरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचं तोंड उघडंच राहिलं. "दुल्हाभाई?" एवढंच म्हणाला. बू राशिदच्या ओरडण्यापेक्षा मला ते जास्त लागलं.

"माझंच चुकलं," मी म्हणालो. "हात नीट चालत नाही आता."

 आणि मग राशिदने मला सगळ्यात मोठा धक्का दिला. तो काउंटर ओलांडून आत आला, माझा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाला, "चाचा, लाजायचं काय त्यात? वय झालं की होतं. हातांचा, नसांचा एक चांगला डॉक्टर आहे इथेच, शारजात. मी घेऊन जातो तुम्हाला."

मी हबकलो. ज्या डॉक्टरला चुकवण्यासाठी हा सगळा खटाटोप, तो आता माझ्या गळ्यात! मी काही बोलणार तेवढ्यात मागून आवाज आला. आता तो खूप खाली उतरलेला होता. "मी नेतो त्याला. जुना दोस्त आहे."

आणि गेलो आम्ही दोघेच. दवाखाना आमच्या दुकानापासून दोन सिग्नल पुढे. गाडी मी चालवली. मी रागावलेलो होतो आणि ते त्यांना कळत होतं. काउंटरवरच्या मल्याळी मुलीने विचारलं, "पेशंट कौन?"

मी छताकडे बघायला लागलो. म्हटलं, माझ्या वाट्याचं खोटं माझं बोलून झालंय. आता एक अक्षर बोलणार नाही. मुलीने पुन्हा विचारलं. बू राशिदनी बराच वेळ भिंतीवरचं चित्र पाहिलं. मग उजवा हात खिशातून काढून काउंटरवर ठेवला. तिथली पेनं ठेवलेली बरणी खुळखुळायला लागली. "मैं," ते म्हणाले. परक्या मुलीसमोर, परक्या माणसांनी भरलेल्या खोलीत. मला भडभडून आलं. सगळा राग कुठल्या कुठे गेला.

पार्किन्सन निघाला. डॉक्टर म्हणाला, जाणार नाही, पण गोळ्यांनी आवरता येईल, दर महिन्याला दाखवायला या. बू राशिदनी मला शपथ घातली. घरी सांगायचं नाही. पेशंट तूच.

तेव्हापासून दर शुक्रवारी राशिदचा फोन येतो. "चाचा, हात कसा आहे?" आणि मी त्याला त्याच्या वडिलांच्या हाताची खबर देतो. दुसरं काय सांगणार? माझ्या हाताला काय धाड भरलीय! म्हणतो, "या आठवड्यात जरा बरं आहे. कप धरता येतो. बटणं मात्र लागत नाहीत." तो विचारतो, गोळ्या वेळेवर घेता ना? पाय अडखळतो का? मी बू राशिदना विचारून ठेवलेलं असतं, तेच सांगतो. इकडे अशफाक मी पाजळलेली प्रत्येक सुरी कागदावर पाहिल्याशिवाय गिऱ्हाईकाला देत नाही. मी बघतोय असं वाटलं की पाठ फिरवून बघतो, बिचारा. काही खाटीक यायचे बंद झाले. त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. एकच चैन आहे, बू राशिद आता राशिदची सुरी घेऊन येतात आणि तिला धार मी स्वतः लावतो. आता मान त्याचा.

परवाच्या शुक्रवारी फोन आला. आधी नेहमीची विचारपूस झाली. मग राशिद म्हणाला, "चाचा, उद्या तुमची डॉक्टरची तारीख ना? टॅक्सी करू नका म्हणून सांगतोय. मी ड्रायव्हर पाठवतो. आधी बाबांना घेईल, मग तुम्हाला. बाबा काय, वाटेतच आहेत."

मी फोन कानाला लावून उभाच राहिलो. दुकान शारजात. दवाखाना शारजात, दोन सिग्नलवर, मी चालत जाईन. आणि बाबा फुजैरात, डोंगरांपलीकडे, दुसऱ्या समुद्राच्या काठावर. तो रस्ता राशिद दर आठवड्याला स्वतः तुडवतो. वाटेत काय येतं आणि काय येत नाही, हे त्याला मी सांगायला हवं?

कधीपासून माहीत होतं याला? स्पेनच्या डोंगरात, सुरी हरणावर टेकली तेव्हापासून? माझ्या हाताला त्याने हात लावून पाहिलं होतं, तेव्हा?

"चाचा? ऐकताय ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. 

"हो बेटा," मी म्हणालो. "वाटेतच आहेत."